वरून ओळखू येणारं छप्पर

अरे अरे, त्या खुर्चीवर नको बसूस — तिच्यावर छप्पर ठेवलंय. नाही, हिच्यावरही नको, हिच्यावर दुसऱ्या कंपनीचं छप्पर आहे. थांब, उचलते... अगं बाई, जड आहे मेलं! तू आपला सोफ्यावर बस. सोफ्यावर सध्या फक्त माणसं बसतात. आणि अरे-तुरे केलं तर चालेल ना? म्हणजे एचओएच्या, ह्या कॉलनीच्या सोसायटीच्या, कमिटीचा माणूस म्हणून आला आहेस, खरं तर अहो-जाहो करायला हवं, पण तू दारातच मला काकू म्हणालास, आता माझ्या तोंडून तुम्ही निघायचं नाही. जन्मभर शाळेत शिकवलंय, तुझ्या वयाचा कोणी दिसला की मला तो मागच्या बाकावरचाच वाटतो. सुमंत ना तू? ओळखते की. रस्त्यापलीकडे, जरा तिरकं, ते घर. तुझी बायको, अनया, भेटते मला संध्याकाळी कुत्र्याला फिरवताना — गोड पोरगी आहे, कुत्रा जरा आगाऊ आहे. तू आज घरूनच काम का? बरं. राकेश नाही घरी. हर्षिताही नाही. मुलगा-सून दोघंही ऑफिसात, नात आन्या समर कॅम्पला, आणि आमचे दादाराव चालायला गेलेत. हो, नवऱ्याचं नाव घेते मी, दचकू नकोस, माझी आईसुद्धा घ्यायची. आता तू कशाला आलायस ते मला ठाऊक आहे. राकेशनं छपराच्या रंगाचा अर्ज केला आणि तो तुमच्या कमिटीला पसंत पडला नाही, हेच ना? बघ, चेहऱ्यावरच दिसतंय. ईमेल टाकून मोकळा झाला असतास, पण शेजारी म्हणून समोर येऊन सांगावंसं वाटलं, हे आवडलं मला. मग माझ्याजवळ सांग. आधी चहा ठेवते, आलं घालून. नको कसा, नको कसा — नाही म्हणायला आलेल्या माणसानं चहाला तरी हो म्हणावं.

साखर? एक? एवढीशी? बरं. तर एवढी छप्परं घरात कशी आली ते ऐक. एप्रिलात ती गारपीट झाली — तुला काय सांगायची, तुझंही फुटलंच आहे, गल्लीत एक छप्पर धड राहिलं नाही. लिंबाएवढ्या गारा. दादाराव नागपूरला फोनवर सांगताना संत्र्याएवढ्या म्हणतात, आणि परवा भाच्याशी बोलता बोलता टरबुजापर्यंत पोचले, तेव्हा मी फोन काढून घेतला. पण आवाज खरंच भयंकर होता रे. आम्ही जेवत होतो, मला वाटलं वर कोणी ट्रकभर खडी ओततंय. आन्या टेबलाखाली, हर्षिता आन्याच्या अंगावर, दादाराव ताट हातात घेऊन जिन्याखाली — आणि राकेश? राकेश खिडकीशी उभा राहून फोनमध्ये इन्शुरन्सची पॉलिसी वाचतोय! दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात रूफवाल्यांची रीघ. एक जण म्हणाला, मॅम, युवर रूफ इज टोटल्ड, म्हणजे पार कामातून गेलं. इतक्या आनंदानं म्हणाला, मला वाटलं मुलगा झाल्याचं सांगतोय. तात्पुरती म्हणून वर एक ताडपत्री ठोकून गेले, निळी. ती ताडपत्री लक्षात ठेव, तिचं पुढे काम आहे. आणि मग सुरू झालं हे शिंगलपुराण, छपरावर ठोकायच्या ह्या डांबरी कौलांचे नमुने जो तो आणून टाकायला लागला. हे घ्या, ते घ्या, हे बघा, ह्याला हात लावून बघा. तेव्हा मला कळलं, की छपरातही इयत्ता असतात! पहिली ते चौथी. चौथी म्हणजे सगळ्यात दणकट, गारांना पुरून उरणारी. म्हटलं, चला, हा तर माझाच विषय. ह्या चौथीतल्या शिंगलची परीक्षा कशी घेतात माहीत आहे? दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून सोडतात, तोही एकदा नाही, दोनदा, त्याच जागेवर. मग शिंगल उलटं करून पाठ बघतात. पाठीला चीर पडली नाही तर पास. पुढून कितीही मार बसू दे, पाठ फुटायला नको. डांबरात रबरासारखं काहीतरी मिसळतात म्हणे, म्हणून ते वाकतं पण तडकत नाही. मला फार आवडली ही परीक्षा.

दादारावांना नाही आवडली. ते वीज मंडळात मीटर रीडर होते ना — दुसऱ्यानं सांगितलेला आकडा त्या माणसानं जन्मात मानला नाही, स्वतः वाकून काचेतून बघितल्याशिवाय. म्हणाले, गोळा कंपनीचा, सोडणारा माणूस कंपनीचा, पास-नापास लिहिणाराही त्यांचाच, त्यात काय विशेष? आपण आपल्या गारा पाडू. आता गारा कुठून आणायच्या? तर हर्षिताचं आप्पेपात्र! त्यात पाणी भरलं, फ्रीझरमध्ये ठेवलं, निघाले अर्धे अर्धे गोळे. मग दोन अर्धे पाणी लावून चिकटवले, पुन्हा फ्रीझर. झाली गार. माडीवरच्या खिडकीत दादाराव, खाली ड्राइव्हवेवर शिंगलं मांडून मी. बाजूला उभी होते रे, एवढी वेडी नाहीये. पहिली गार नेमकी शिंगलवर. दुसरी कचऱ्याच्या डब्यावर. तिसरी — हो, तीच ती, तुमच्या कुत्र्यासमोर पडलेली. त्यानं खाल्ली ना? मग झालं तर. पाणीच होतं, फार तर आप्प्यांचा वास आला असेल. आणि रिझल्ट काय? सगळ्या गारांचा चुरा, शिंगलं जशीच्या तशी! साधं, मधलं, दणकट, सगळी पास. इतके हिरमुसले हे. मग माझ्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता मागायला लागले. मी साफ नाही म्हटलं. नागपूरहून बॅगेत घालून आणलाय तो, एअरपोर्टवर त्या माणसाला हे शस्त्र नाही, ह्यानं लसूण कुटतात, हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली, तो काय ड्राइव्हवेवर आपटायला? शेवटी मुकाट्यानं कंपनीच्या परीक्षेवर विश्वास ठेवला त्यांनी. चौथीचंच घ्यायचं ठरलं.

ठरलं म्हणजे आमचं दोघांचं. राकेशचं नाही. राकेशला साधंच हवं होतं, तपकिरी. का? तर रीसेल व्हॅल्यू! ह्या दोन शब्दांनी ह्या घरात माझा जेवढा छळ केलाय ना, तेवढा सासूनंही केला नाही. भिंती अशा राखाडी का रे? रीसेल. दारात मोगरा लावू का? नको आई, बायरला ॲलर्जी असली तर. आणि हा फोटो बघ — बुद्ध आणि बाबासाहेब, शेल्फवर टेकवून ठेवलेत, कारण भिंतीला खिळा मारायचा नाही, भोक पडतं! रेडमंडला होते तेव्हाही हेच. तिथे भाड्याचं घर, घरमालकाची भीती. आता स्वतःचं घर, तर पुढे येणाऱ्या मालकाची भीती. मग मधल्या मधे ह्या पोराचं घर कधी होणार? विचारलं की म्हणतो, आई, ग्रीन कार्डचं काही खरं नाही, उद्या जॉब गेला तर गाशा गुंडाळायचा, म्हणून घर आपलं कोणालाही आवडेल असंच ठेवायचं. त्याचंही खोटं नाही रे. डोक्यावर टांगती तलवार आहे, ती त्याला दिसते, मला दिसत नाही एवढंच. पण म्हणून काय आयुष्यभर बायरच्या पसंतीनं जगायचं? चकली घे. हर्षितानं केलीय, भाजणी माझी.

मग एका रविवारी मी काय केलं — हसशील हं — आमची पाच ताटं लागतात, मी सहा वाढली. पाटोडी-रस्सा, भात, लिंबाची फोड, सगळं नीट. हर्षिता म्हणाली, आई, कोण येणारे? म्हटलं, मालक येणारेत. कोण मालक? म्हटलं, ते गं, ज्यांना आपण हे घर विकणार आहोत ते. भिंती त्यांच्या पसंतीच्या, अंगण त्यांच्या तब्येतीला सोसेल असं, छप्परही आता त्यांच्याच आवडीचं घेतोय, आणि बिचाऱ्यांना जेवायला कोणी विचारत नाही, बरं दिसतं का ते? हर्षिताला असं हसू फुटलं की पाणी नाकातून आलं. आन्या त्या रिकाम्या खुर्चीला ‘हाय, अंकल’ म्हणाली. दादारावांनी तर मालकांना रस्सा तिखट लागतोय का म्हणून विचारलं. राकेश मात्र जेवण होईपर्यंत त्या ताटाकडे बघत होता. मला वाटलं, जास्तच झालं आपलं, पोराच्या जिव्हारी लागलं. मग काय केलं असेल त्यानं? ते सहावं ताट स्वतःपुढे ओढलं, आणि त्यातली पाटोडी खात खात म्हणाला, ‘बाबा, तुम्ही कोणता रंग म्हणत होता?’

असा गेला बघ तुमच्याकडे तो अर्ज. चौथीतलं शिंगल, रंग गडद निळा. हे काय, तुझ्या मांडीशीच पडलंय, हे वरचं. हात फिरव. उन्हात आणखी छान दिसतं. आन्या म्हणते, आजी, इट्स लाइक अ स्विमिंग पूल, पण ती लहान आहे.

निळाच का, असं मघाशी विचारलंस — आणि विचारताना कपात बघितलंस. वर बघ. विचारण्यात काही वावगं नाही. कम्युनिटीच्या पिकनिकला तू राकेशला विचारलं होतंस, पूर्ण नाव काय तुझं, तो नुसतंच राकेश म्हणाला, आणि मग तुम्ही दोघंही त्या बार्बेक्यूकडे बघत उभे राहिलात. मी पाहत होते ना पलीकडून, पेपर प्लेट घेऊन. हो रे बाबा, तोच निळा. जयभीमचा निळा. आमच्या वस्तीत झेंडा निळा, दारं निळी, चौदा एप्रिलला रस्ता निळा, दादारावांच्या सायकलच्या सीटचं कव्हरसुद्धा निळं. आमच्या बापजाद्यांना मान वर करून चालायला ज्यानं शिकवलं, त्याचा रंग आहे तो. राकेश ह्यावर बारीक आवाजात बोलतो — ऑफिसात सगळी आपलीच मराठी माणसं आहेत, कशाला उगाच, म्हणतो. राग येतो मला त्याचा. नाही, त्याचा नाही येत, त्याला बारीक बोलावंसं वाटतं ह्याचा येतो. तू असा कानकोंडा होऊ नकोस, तुझ्यावर नाही चिडले मी. मी मोकळेपणानं सांगितलं, तू मोकळेपणानं ऐकलंस, संपलं. दुसरी चकली घे, एकानं काय होतंय.

पण खरं सांगू का? नुसतं एवढंच असतं ना, तर मी इतकी मागे लागले नसते. दादारावच म्हणाले असते, रंग मनात आहे, छपरावर कशाला पाहिजे. कारण वेगळंच आहे. सांगू की नको... अरे, तुझाच संबंध आहे त्यात. हो, तुझाच. तुझ्या घराचा!

झालं काय, की राकेशनं यांना एक फोन पाठवला, त्यात तो नकाशा, उपग्रहावरून घर दाखवणारा. एकदा व्हिडिओ कॉलवर राकेशनं शिकवलं, बाबा, हा मोठा रस्ता, ही गल्ली, हे आपलं घर. झालं! त्या दिवसापासून नेमच झाला यांचा. जेवण झालं की पलंगावर बसायचं, चष्मा पुसायचा, आणि अमेरिका उघडायची. आधी टेक्सास, मग डॅलस, मग दोन बोटांनी फाकवत फाकवत फ्रिस्को, मग ही गल्ली, मग छप्पर. बघत बसायचे. ‘रत्ना, दारातलं झाड वाढलं बघ.’ मी म्हणायची, अहो, तो फोटो मागच्या वर्षीचा असतो. तर म्हणे, ‘असू दे. मागच्या वर्षी वाढलं.’ शेजारच्यांना दाखवायचे, दूधवाल्याला दाखवायचे, विहारात वंदना झाली की सगळ्यांना — हे बघा, माझ्या मुलाचं घर. व्हिडिओ कॉल करायचे की, करायचे. पण त्यात राकेशचं अर्धं कपाळ दिसतं आणि मागून कोणीतरी त्याला मीटिंगला बोलावत असतं. दोन मिनिटं झाली की हेच म्हणायचे, ठेवतो रे, तुला काम असेल. छपराला काम नसतं ना! आपण कितीही वेळ बघावं, त्याला त्रास नाही. आणि शेवटी फोन बंद करायच्या आधी छपरावर बोट टेकवून म्हणायचे, ‘झोप रे बेटा.’ इथे तेव्हा सकाळ असायची, राकेश ऑफिसला निघालेला असायचा. पण ते रोज म्हणायचे.

आता गंमत ऐक. ह्या खेपेला मार्चमध्ये आलो, दुसऱ्याच दिवशी हे चालायला गेले, आणि परत येताना थेट तुझ्या गॅरेजमध्ये! आठवतंय ना? आठवणारच. तू कॉलवर होतास, यांनी आत येऊन चपला काढल्या, पायरीवर बसले आणि ‘रत्ना, पाणी दे गं’ म्हणाले. अनयानं पाणी दिलं बिचारीनं, वर गूळही दिला. मग सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं. राकेश तर डॉक्टर शोधायला बसला. अरे, डोकं ठणठणीत आहे त्यांचं! नागपुरात जन्मभर घरोघर मीटर वाचले, कधी एक दार चुकले नाहीत. मग इथेच का चुकले? माझ्या मनात किडा वळवळायला लागला. संध्याकाळी मी तो नकाशा उघडायला लावला, म्हटलं, दाखवा हो तुमचं घर. त्यांनी फाकवत फाकवत बरोबर गल्लीत आणलं आणि बोट ठेवलं. कुठे? तुझ्या छपरावर! इतकी वर्षं, सुमंत, तुझ्या छपरावर! दूधवाल्याला दाखवलं ते तुझं घर. वाढलं ते तुझं झाड. आणि रोज ‘झोप रे बेटा’ करून झोपवत होते, ते तुला, बाबा! तू कॉलवर असशील तेव्हा.

हस, हस. मीही हसले, पोट धरून हसले. यांनी मात्र चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘रत्ना, मग इतके दिवस राकेशकडे कोणी बघितलं?’

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

वरून सगळी सारखीच दिसतात ना रे. सगळी तपकिरी, फार तर राखाडी. त्यात माणसानं आपलं पोर ओळखायचं कसं? मग गारपीट झाली आणि वर ती ताडपत्री आली, निळी, मी म्हटलं ना लक्षात ठेव. त्या दिवसापासून हे एकदाही घर चुकले नाहीत. कोपऱ्यावरून ताडपत्री दिसली की टोपी सरळ करून थेट आपल्या दारात. तेव्हाच यांच्या डोक्यात आलं, छप्परच असं केलं तर नकाशातसुद्धा चुकणार नाही. पण तुमच्या कमिटीचा निरोप आला, ताडपत्री बरी दिसत नाही, काढा. काल काढली. आतून पट्टी मारलीय रूफवाल्यानं, गळत नाही, पण बघ की, पुन्हा सगळी सारखी.

काय म्हणालास? दरवर्षी येऊन समोरूनच बघू देत की? हं. दरवर्षी म्हणे. दरवर्षी कुठलं आता, हे शेवटचंच... काही नाही. चहा घे, निवतोय. नाही रे, काही म्हटलं नाही मी. अं? तू पण ना, एकदम सरळ बघायला लागलास, मीच शिकवलं मघाशी. बरं, ऐकलंच आहेस तर नीट ऐक, अर्धवट नको. मागच्या वेळी रेडमंडहून परत गेलो तेव्हा विमानात बसून बसून यांच्या पायात रक्ताची गाठ धरली. दवाखान्यात होते कितीतरी दिवस. राकेशला सांगितलं, जिन्यावर पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाले, आता एवढा लांबचा प्रवास करायचा नाही. हे हटूनच बसले — एकदाच जातो, शेवटचं, पोराचं घर डोळे भरून बघून येतो. मग गोळ्या, ते घट्ट मोजे, दर तासाला विमानात उठून फेऱ्या मारायच्या, अशा अटींवर सोडलं त्यांनी. ऑगस्टमध्ये जाऊ आम्ही, आणि मग नाही यायचं. आणि राकेशला इथून हलता येत नाही, पाच वर्षं नागपूरला आला नाही, व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडे अडकला तर इथलं सगळं गेलं. दोष कोणाचाच नाही रे. पण मग यांच्याजवळ उरणार काय? पलंग, चष्मा, आणि तो नकाशा. मला एवढीच भीती वाटते, की हे तिथे बसून पुन्हा चुकीच्या छपरावर बोट ठेवतील. ह्या खेपेला चुकलं हे त्यांना कळलंय ना, आता रोज मनात येईल, हेच का ते. ते मला बघवणार नाही. राकेशला ह्यातलं अवाक्षर बोलायचं नाही हं. त्याला कळलं तर तो सगळं टाकून तिकडे येईल, आणि ह्यांना ते चालणार नाही, मलाही चालणार नाही. शपथ घे. मान हलवून नाही, तोंडानं. हां.

आता कामाचं बोल. दणकट शिंगलला कमिटी नाही म्हणू शकत नाही, टेक्सासात तसा कायदाच आहे म्हणे, राकेशनं वाचलंय, पण रंग बाकीच्यांशी जुळायला हवा, इथेच अडलंय ना? मग जुळव की! एकच छप्पर निळं असलं तर ते वेगळं, दोन असली म्हणजे जुळली. तुझंही बदलायचंच आहे. तूही निळं कर! बघ, किती सोपं... अरे, नको नको नको, तू नको करूस, मग हे पुन्हा तुझ्याच गॅरेजमध्ये शिरतील! हसतोस काय, खरंच शिरतील. तू आपला तपकिरीच राहा. तुझ्याशी जुळायला बाकीची सगळी आहेत.

थांब, आलेत वाटतं हे. बघ खिडकीतून. ती टोपी, यांचीच. चालले बघ, चालले... अहो, इकडे! अहो! ऐकू जायचं नाही, काच जाड आहे. गेले सरळ पुढे. गेलेच. ताडपत्री नाही ना आज वर. तुझ्या दारात जाऊन उभे राहिलेत, दिसतंय का? आत नाही शिरले पण. मान वर करून छपराकडे बघतायत. कळेना झालंय त्यांना. सवयीचं छप्पर ते, इतकी वर्षं बघितलेलं, आणि आता माहीत झालंय की ते आपलं नाही. बघ, हात वर केला. अरे, छपराला हात करतायत रे.

ऊठ. तू जा. माझ्या गुडघ्यांनी तिथवर पोचेपर्यंत अनयाला पुन्हा पाणी द्यावं लागेल. हात धरून आण त्यांना इकडे. आणि हे बघ, पायाचं बोलायचं नाही, फक्त छपराचं. कमिटीचं जे काय आहे ते तूच सांग त्यांना. हो असलं तरी तूच, नाही असलं तरी तूच, पण कपात बघून नाही, त्यांच्याकडे बघून सांगायचं. जा. कप राहू दे, मी उचलते.

अरे, ते शिंगल कशाला घेतलंस? निळंच घेतलंस? त्यांना दाखवायला?

बरं. ने. दोन्ही हातांनी धर, जड आहे. आणि दार ओढून घे जाताना, एसी बाहेर जातो.